खोक्यातून आलेली बंदूक

लॉयडने नळीच्या बुडाला मेणबत्तीची काजळी धरली, नळी लाकडातल्या खाचेत बसवली, वरून लाकडी हातोडीचा हलका ठोका दिला आणि पुन्हा उचलून काढली. खाचेत जिथे जिथे लोखंड टेकलं होतं, तिथे काळे ठिपके उमटले होते. त्याने पटाशी घेऊन तेवढे ठिपकेच तासले, कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ. मग पुन्हा काजळी, पुन्हा ठोका, पुन्हा ठिपके.

त्याची बायको नोरीन तळघराच्या जिन्यावर, धुण्याची टोपली कमरेला टेकवून उभी होती.

“अजून किती वेळा करणार?”

“बसेपर्यंत.”

“आणि बसलीय हे कळतं कसं?”

“सगळीकडे सारखं काळं झालं की.”

“मग माझे टॉवेल कधीच बसलेत.”

लॉयड हसला. म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला, पण नोरीन हल्ली तेवढ्यालाही हसू म्हणत असे.

टॉवेलांवरच काय, त्याच्या बोटांचे काळे ठसे घरभर होते. फ्रीजच्या दारावर, साखरेच्या डब्यावर, टेलिफोनवर. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. या वर्षी ती ठशांच्या अवतीभवती पुसत होती आणि ठसे तसेच ठेवत होती. तो कुठे कुठे फिरला ते त्यावरून कळायचं. तो फिरतोय, हेही कळायचं.

खोकं तिने स्वतःच दारात सही करून घेतलं होतं. लांब, अरुंद, जड. तिला वाटलं, मागवलेले पडद्याचे दांडे आले. तिनेच ते खाली नेऊन दिलं आणि वर, “या आठवड्यात बसवून टाक,” असंही बजावलं. संध्याकाळी पाहते तर टेबलावर वर्तमानपत्र पसरून लॉयडने सगळे भाग ओळीने मांडलेले. आठ पैलूंची लोखंडी नळी. अर्धवट कोरलेला मेपलचा दस्ता. पितळेचे ओबडधोबड तुकडे. गारगोटी धरणारा घोडा, चाप, मूठभर स्क्रू. ठासणीची बंदूक, पणजोबांच्या काळातल्यासारखी, पण सुटी. आपल्या हातांनी जोडायची.

दुकानातून साधी बंदूक घ्यायची तर कागद भरावे लागतात, दुकानदार फोन करून चौकशी करतो. हिची चौकशी कुणीच केली नाही. साबणाची वडी यावी तशी ती टपालाने आली. नाताळानंतर पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरांत गारगोटीच्या बंदुकीने हरणं मारायचा हंगाम असतो, अर्ध्या गल्लीतले पुरुष अशा बंदुका बाळगून असतात आणि कुणाच्या बायकोला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण त्यांच्या घरात मार्चपासून एकही बंदूक नव्हती. मार्चमधल्या एका सकाळी नोरीन लॉयडला शोधत कोठारामागे गेली, तेव्हा तो बंद गाडीत बसला होता. मांडीवर शिकारीची बंदूक होती आणि तो काचेतून समोर बघत होता, समोर नुसतं कुंपण होतं. “बसलोय जरा,” तो म्हणाला. तिने दार उघडलं, त्याचा हात धरला आणि त्याला घरात आणून अंडी करून घातली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. दुपारी त्याचा धाकटा भाऊ वेंडेल आला आणि घरातल्या सगळ्या बंदुका गोधडीत गुंडाळून घेऊन गेला. बैठकीतलं काचेचं कपाट रिकामं पडलं. ते रिकामं बघवेना म्हणून नोरीनने त्यात पीच आणि बीटच्या बाटल्या रचल्या. आता पाहुणे त्या कपाटापुढे पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहत आणि पीचची तारीफ करत.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, सरळ विचारत जा. पुन्हा तसं वाटतं का, असं विचारा. विचारल्याने काही ओढवत नाही. नोरीन मान डोलावून घरी आली आणि उन्हाळा गेला, पानं पिवळी पडली, तरी ते वाक्य काही तिच्या तोंडून निघालं नाही. रोज सकाळी ती तोंड उघडायची आणि विचारायची, “अंडी किती घालू?”

मग खोकं आलं. ते परत पाठवलं तर त्याला कळणार, की आपण याला लहान मूल समजतोय. राहू दिलं तर एक दिवस ते जोडून होणार. नोरीनने मधला मार्ग काढला. इतक्या वर्षांच्या संसारात जिला बंदुकीचं पुढचं टोक कुठलं एवढंच माहीत होतं, ती बाई एकदम चोखंदळ झाली.

“इथे फट दिसतेय,” ती नळी आणि लाकूड यांच्यामधल्या रेषेवर नख ठेवून म्हणाली.

लॉयडने चष्मा पुढे-मागे करून पाहिलं. मग स्क्रू काढले आणि पुन्हा काजळी धरली.

पुढे रंग. तिला तो फिकट वाटला. मग जास्त गडद वाटला. पितळेच्या कडा बोटाला टोचतात म्हणाली, त्याने कानस घेऊन त्या पुन्हा घासल्या. नंतर जवसाच्या तेलाचे हात सुरू झाले तेव्हा तिला हायसं वाटलं, कारण तेलाला अंत नसतो. एक हात द्यायचा, तळव्याने लाकूड गरम होईस्तोवर चोळायचं, वाळू द्यायचं, मग पुन्हा. बंदूक अपुरी आहे तोवर हा माणूस रोज उठून खाली जाईल, असा तिचा हिशेब होता.

“झाली वाटतं,” तो अधूनमधून म्हणायचा.

“कुंद्याकडे अजून कोरडी दिसते मला.”

“कोरडी?”

“अजून एक हात दे.”

आणि तो द्यायचा. शेवटी त्या लाकडात इतकं तेल मुरलं, की खिडकीतला उजेड त्यावर पाण्यासारखा हलू लागला. आता काय खोट काढावी तिला कळेना. नोव्हेंबर लागला होता. शनिवारी लॉयड घोडा मागे ओढून सोडून बघत होता, त्याचा कट् असा आवाज जिन्यावरून वर स्वयंपाकघरात आला. नोरीनच्या हातातली बशी सिंकमध्ये पडली. तिने वेंडेलला फोन लावला.

रविवारी चर्च सुटल्यावर वेंडेल आला. लॉयड मागच्या अंगणात लाकडं फोडत होता.

“बेव्हने सॉसेज दिलंय,” वेंडेल बायकोने दिलेलं पुडकं टेबलावर ठेवत म्हणाला. “गेल्या वर्षीच्या हरणाचं. म्हणाली, नोरीनला सांग मिरी जास्त झालीय, नंतर बोलू नको म्हणावं.”

“सॉसेज राहू दे. खाली चल.”

तळघरात बंदूक दोन लाकडी टेकूंवर आडवी ठेवली होती. वेंडेलने शीळ घातली.

“बापरे. हरणं हिच्यात तोंड बघून केस विंचरतील.”

“घेऊन जा.”

“अं?”

“लॉयड वर यायच्या आत. बाकीच्या ठेवल्यास ना, तशी हीपण ठेव.”

वेंडेलने बंदूक उचलली, खिडकीपाशी नेली. दस्त्यावरून हात फिरवला, नळी डोळ्यासमोर धरून पाहिली. मग घोड्याच्या बाजूला अंगठा नेला आणि अंगठा तिथेच थांबला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, अगदी वाकून पाहिलं. मग त्याने बंदूक जिथून उचलली होती तिथे, तश्शी ठेवली.

“ही इथेच राहू दे.”

“मी तुला बघायला नाही बोलावलं.”

“माहितेय.”

“मग ने ना.”

“नाही नेणार, नोरीन.”

“उद्या काही झालं म्हणजे?” तिचा आवाज फाटला. “तुझं काय जातं रे. घरी जाऊन मिरीचं सॉसेज खाशील. इथे मी झोपते त्याच्या शेजारी, एक डोळा उघडा ठेवून.”

वेंडेलने टोपी हातात फिरवली. हे बोलणं त्याला लागलं, ते दिसलं, पण त्याने ते परतवलं नाही.

“त्याला विचार, काय राहिलंय.”

“काय राहणार? काही नाही राहिलेलं. महिनाभर मीच काहीबाही उकरून काढतेय.”

“विचार तरी. ते मी सांगणं बरं नाही.”

तो मागच्या दाराने बाहेर गेला. नोरीनने खिडकीतून पाहिलं. दोघे भाऊ फोडलेल्या लाकडांजवळ उभे राहिले, बोलले असतील तर दोन शब्द. निघताना वेंडेलने लॉयडच्या खांद्यावरचा भुसा झटकला. भुसा होता की नव्हता, कोण जाणे.

दुपारी तिने हॅमचं हाड घालून घेवडा शिजत ठेवला आणि खाली गेली. लॉयड तळव्याने लाकूड चोळत होता. मान वर न करता म्हणाला,

“आज कुठे कोरडी आहे?”

नोरीन शेवटच्या पायरीवरच थांबली.

“कळत होतं तुला.”

“पहिल्या फटीलाच कळलं. फट नव्हतीच तिथे.”

“मग सगळं उकललंस कशाला?”

“तुला दिसली होती ना.”

ती पुढे आली. हात कुठे ठेवावेत कळेना, तेव्हा तिने ते एप्रनला पुसले. “वेंडेल म्हणाला, विचार काय राहिलंय.”

लॉयडचा हात थांबला. मग त्याने बंदूक वळवली, घोड्याची बाजू तिच्याकडे केली आणि दिव्याची मान खाली ओढली.

“ही गारगोटी. ही या पोलादावर आपटते. ठिणग्या पडतात या वाटीत, वाटीत चिमूटभर दारू असते, ती पेटते. खरी दारू नळीच्या आत. ही आग तिथे जायला हवी.” त्याने वाटीलगतच्या लोखंडावर बोट ठेवलं. “इथून.”

नोरीनने वाकून पाहिलं. तपकिरी, गुळगुळीत लोखंड होतं. तिने नखानेही चाचपलं.

“इथे काही नाही.”

“नाही.”

“विसरलास?”

“भोक आधी पाडायचं असतं. ते झालं की मग रंग, मग तेल. एवढं सगळं झाल्यावर इथे ड्रिल कुणी लावत नाही. जरा सटकलं तर सगळं पाण्यात. वेंडेलने म्हणूनच ओळखलं.” तो थांबला. “विसरलो नाही.”

म्हणजे इतके दिवस ती ज्याच्या धाकाने कुशी बदलत होती, तो एका बाजूने बंद असलेला पाइप होता. नोरीनला हायसं वाटायला हवं होतं, पण आधी आला तो राग.

“मला सांगता नाही आलं?”

“काय सांगू? की मला माझाच भरवसा नाही?”

हे त्याने हळू आवाजात म्हटलं, स्वतःच ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं.

“मग बंदूकच कशाला मागवलीस, लॉयड? पक्ष्यांची घरं करायची होतीस. चर्चमधले सगळे म्हातारे करतात.”

“पक्ष्यांच्या घरांची भीती नाही वाटत मला.”

वर घेवड्याचं झाकण वाफेने थडथडत होतं. लॉयडने खण उघडला, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं ड्रिलचं बारीक पातं काढलं आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं.

“तुझ्याकडे ठेव. नाहीतर म्हण, भोक पाड म्हणून. तू म्हणशील तसं.”

तिने ते उचललं. विणायच्या सुईच्या टोकाएवढं, वजन जवळजवळ नाहीच. एप्रनच्या खिशात टाकावं आणि वर जावं, असं तिच्या फार मनात आलं. मग उद्या सकाळी तो पुन्हा तिच्याआधी उठणार, ती पुन्हा अंड्यांचं विचारणार. तिने पातं दोघांच्या मध्ये, टेबलावर ठेवलं.

“मार्चमध्ये वाटलं होतं,” ती म्हणाली. “तसं अजून वाटतं तुला?”

तो फडक्याने बोटं पुसत राहिला. एकेक बोट.

“कधी कधी.”

“कधी?”

“सकाळी. तू उठायच्या आधी.”

“आज?”

त्याने विचार केला. खरोखरच आठवून पाहिल्यासारखा केला. “आज कमी होतं.”

नोरीनने रंगाचा रिकामा डबा पायाने ओढला, उपडा केला आणि त्यावर बसली. डबा डुगडुगला.

“कसं असतं ते, सांग.”

“नीट नाही सांगता येणार.”

“नीट नको सांगूस.”

“काय असतं,” लॉयड म्हणाला. फडकं बाजूला ठेवावं की धरावं, त्याला ठरवता येईना. “कारखाना बंद झाला, पण पहिल्या भोंग्याच्या वेळेला मला जाग येतेच. अंधार असतो. मी पडून ऐकत राहतो. भोंगा काही होत नाही.”

वरून जळकट वास आला. दोघांनीही नाक वर केलं.

“घेवडा लागला,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

नोरीन उठली, एकेक पायरी दमाने चढून वर गेली. तिने गॅस बंद केला, पातेलं ढवळलंसुद्धा नाही. परत खाली आली आणि त्याच डुगडुगत्या डब्यावर बसली.

“हं,” ती म्हणाली. “भोंगा होत नाही. मग?”