सापडलं तसं फाटक

गोळी लागली, पण हरीण पडलं नाही. लंगडत लंगडत कुंपणापर्यंत गेलं आणि मार्लिसच्या डोळ्यांदेखत तारेखालून थेट व्हर्लिन हॉफस्टॅडच्या रानात शिरलं. अख्ख्या डाकोटात मेल्याला दुसरं रान सापडू नये!

दुसऱ्याच्या कुंपणात पाऊल टाकायचं तर आधी मालकाला विचारायचं. पण व्हर्लिनला ती विचारणार कोणत्या तोंडानं? नऊ वर्षांपूर्वी मार्लिसचा बाप आइनार तितरांच्या मागे याच रानात आला होता. उघडं फाटक दिसलं, म्हणून मोठ्या शहाणपणानं त्यानं ते लावून टाकलं. व्हर्लिननं ते गुरांना पाण्यावर जाता यावं म्हणून मुद्दाम उघडं ठेवलं होतं आणि स्वतः परगावी लेकीच्या लग्नाला गेला होता. ऐन उकाड्याचे दिवस. तो परत आला तेव्हा सात वासरं तहानेनं मरून पडली होती. फाटक सापडेल तसं ठेवावं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण आइनारनं कधी माफी मागितली नाही. "फाटक लावणं हा काय गुन्हा झाला?" हेच त्याचं तुणतुणं. आता तो अंथरुणाला खिळला होता आणि त्याला एकच गोष्ट हवी होती, कांदा घालून परतलेली हरणाची कलेजी. शिकारीचा पुढचा हंगाम त्याला दिसेल अशी आशा डॉक्टरनंही सोडली होती.

मार्लिसनं बंदूक गाडीतच ठेवली, टोपी काढली आणि दार वाजवलं.

व्हर्लिननं दार अर्धंच उघडलं. "आइनारची ना तू?"

"हो. माझं जखमी हरीण तुमच्या रानात गेलंय. अंधार पडायच्या आत संपवायला हवं त्याला. जाऊ का?"

म्हाताऱ्यानं दार पूर्ण उघडलं.

"जनावराचे हाल नकोत म्हणून सांगतो. बंदूक घेऊन जा, पण पायी जा, गहू पेरलाय. आणि हरणाखेरीज माझ्या कशालाही हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

रक्ताच्या थेंबांमागून ती टेकाडाखाली उतरली आणि जागच्या जागी थबकली. समोर तारेचं फाटक, टोकाचा खांब कडीतून सुटून, उघडं जमिनीवर लोळत होतं. पलीकडच्या गवतात हरीण बसलं होतं, मान वर करून. आणखी थोडं पुढं गेलं की एका गोळीचं काम. पण डावीकडून गुरं रांगेनं फाटकाकडेच येत होती.

फाटकाबाहेर वाटेला दोन फाटे होते. एक व्हर्लिनच्या गोठ्याकडे जायचा, दुसरा ट्रक धावतात त्या हमरस्त्याला. रात्री बर्फ पडणार होतं. गुरं घरी यावीत म्हणून म्हाताऱ्यानंच उघडलं असेल तर? आणि नसेल तर? तिनं फाटकाचा खांब उचलायला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. फोन करावा, तर नऊ वर्षांत नंबर कोण जपून ठेवतंय? गोळी झाडावी, तर गुरं उधळून थेट रस्त्यावर!

ती फाटकाच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. ओरडलं की हरीण उठणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बापाचा सुकलेला चेहरा डोळ्यांपुढे आला.

"व्हर्लिन!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "व्हर्लिन!"

गाई थांबल्या. हरीण धडपडत उठलं आणि उताराआड दिसेनासं झालं. मार्लिसला रडू फुटलं, पण तिनं हात खाली घेतले नाहीत.

पिकअप धुरळा उडवत आली. व्हर्लिन उतरला तोच पेटलेला. "फाटक कोणी उघडलं?"

"मला असंच सापडलं."

"मग लावलं का नाहीस? गुरं रस्त्यावर जाऊन चिरडली असती ना!"

"तुम्हीच उघडलं असेल तर?"

"मी कशाला उघडीन? सकाळी कोणी उपटसुंभ न विचारता घुसले होते, त्यांचेच हे धंदे!"

"मला काय माहीत?" मार्लिसचा आवाज चिरकला. "मी हरणाचं विचारलं होतं. फाटकाचं नव्हतं विचारलं."

व्हर्लिन फाटकाशी वाकला. त्यानं खांब उचलला, तारेच्या कडीत अडकवला, उगीचच दोनदा हलवून पाहिला.

"तुझा बाप इथं असता तर त्यानं लावून टाकलं असतं."

"हो. हजारदा बजावलं असतंत तरी."

"आणि आज त्या गाढवाचं बरोबर ठरलं असतं!" म्हातारा हसला की खोकला, कोण जाणे. "बस गाडीत. जखमी जनावर पाण्याकडेच जातं. ओढ्यात सापडेल."

वाटेत मार्लिसनं बापाचं अंथरूण आणि त्याची कांदा-कलेजीची इच्छा सांगून टाकली. हरीण ओढ्यातच सापडलं. उजेड होता तोवर तिनं एका गोळीत त्याचे हाल संपवले. व्हर्लिननं बाह्या वर सारल्या, कलेजी काढली, धुतली आणि स्वतःच्या डब्यात ठेवली.

"कांदा आहे ना घरी?"

मार्लिसनं मान डोलावली.

"चल तर," व्हर्लिन डबा काखेत मारून म्हणाला. "तुझ्या बापाला तोंडावर शिव्या द्यायच्यात. नऊ वर्षं तुंबल्यात."