एकवीस दिवस

तलवाड्याच्या बिभीषणाकडे खांदा निखळलेली माणसं पंचक्रोशीतून येत. पैलवान असो की पुढारी, त्याचा नियम एकच: खांदा बसला की हात एकवीस दिवस गळ्यात बांधायचा. आधी सोडलास तर माझ्या दारात येऊ नको, असा दम तो भल्याभल्यांना देई. पण दुष्काळानं टँकरही आठवड्याला एकदा येऊ लागला, तेव्हा या वैद्यालाही बायको घेऊन माजलगावकडे ऊस तोडायला जावं लागलं. नवराबायको मिळून एक कोयता. टोळीत माणसं अशीच मोजतात.

चौथ्या आठवड्यात त्याची बायको बायडाबाई उसाच्या मोळीसकट ट्रकला लावलेल्या फळीवरून घसरली आणि हातावर पडली. खांद्याची गोलाई जाऊन तिथं खळगा पडला होता. हात दुसऱ्या खांद्याला लाव म्हटलं, तर लागेना. नाडी लागत होती, बोटं हलत होती. बिभीषणानं तिला बांधावर निजवलं, काखेत टाच दिली आणि बोलत बोलत हात सावकाश ओढला. खट् झालं. मग त्यानं तिचा हात गळ्यात बांधला.

तिसऱ्या दिवशी मुकादम रामकिसन आला. साखर कारखाना सहकारी, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालकीचा; मालकांना घाई होती. अर्धा कोयता ठेवता येत नाही, उद्या गावाकडं निघा, असं त्यानं शांतपणे सांगितलं. वर म्हणाला, "खांदा बसलाय न्हवं? मंग बांधलाय कावून?"

सकाळी दम देणाऱ्या बिभीषणानंच गाठ सोडली.

बायडाबाईनं विचारलं, "लोकाला एकवीस दिस. मला तीनच कावून?"

त्यानं मोळी तिच्या डोक्यावर दिली.

आठ दिवसांत खांदा पुन्हा निसटला. मग परत. दर खेपेला तो जास्त सहज बसे आणि टोळी बिभीषणाच्या हातगुणाचं कौतुक करी. आतलं सगळं सैल झालंय म्हणून तो असा बसतो, हे त्या फडात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. त्याला स्वतःची शरम वाटे.

संक्रांतीच्या सुमाराला फळीपाशी पुन्हा मोळी पडली. तो धावत गेला. बायडाबाई निखळल्या खांद्यानं जमिनीवर बसली होती. दोन्ही हातांची बोटं गुडघ्याभोवती गुंफून ती हळूहळू मागं रेलली, आणि खांदा आपोआप आत गेला. त्यानं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आता माझं मला येतंय. तुमी मोळी तेवढी उचलून द्या."

त्यानं उचलून दिली.