ढमीच्या मॅडम

मिस्त्रींना आयुष्यात कुणाचा फारसा हेवा वाटला नव्हता. शेजारच्या गॅरेजवाल्याने दुमजली घर बांधलं, तेव्हा त्यांनी आपणहून जाऊन त्याच्या फाटकाला रंग मारून दिला होता. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करायचा, पत्र्याच्या खळग्यांत लांबी भरायची, घासायचं आणि होता तसा रंग देऊन गाडी मालकाच्या हवाली करायची, हे त्यांचं काम. त्या कामात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. असल्या समाधानी माणसाला केस पिकायच्या वयात मत्सराने गाठलं, आणि तेही चष्मा लावणाऱ्या एका ठेंगण्या बाईपायी, हे त्यांच्या बायकोला सुरुवातीला खरंच वाटेना.

ती बाई म्हणजे ढमीच्या मॅडम.

ढमी ही मिस्त्रींची एकुलती एक लेक. तान्हेपणी गुबगुबीत होती म्हणून पडलेलं नाव. आता अठराची झाली, काडीसारखी झाली, तरी नाव काही सुटलं नाही. लहानपणी शाळा सुटली की ती दप्तरासकट वर्कशॉपमध्ये यायची आणि दुरुस्तीला आलेल्या एखाद्या बंद गाडीत चढून स्टिअरिंग फिरवत बसायची. तोंडाने भुर्रर्र चालूच. मिस्त्री पत्र्याआडून डोकं काढून म्हणायचे, "जरा मोठी हो, मग मीच शिकवतो तुला. अशी शिकवीन की लोक बघत राहतील."

ती मोठी झाली आणि नेमका तेव्हाच नवा नियम निघाला. तरुण पोरांना लायसन्स हवं असेल तर आधी सुरक्षिततेचा वर्ग करायचा, सक्तीचा. आधी बाकावर बसायचं, मग गाडीला हात लावायचा. सरावाला घरचं मोठं माणूस शेजारी चालेल, पण शिकवायचं वर्गाच्या पद्धतीने.

"बाकावर बसून कुणी पोहायला शिकलंय का?" मिस्त्री तणतणले.

"पोहणारा रस्त्यावर कुणाला उडवत नाही," बायको म्हणाली. "जाऊ दे तिला गुमान."

ढमी गेली, आणि घरात 'मॅडम म्हणाल्या' सुरू झालं. मॅडम म्हणाल्या, मागच्या सीटवरही पट्टा लावायचाच. मॅडम म्हणाल्या, डोळ्यांवर झोप असताना गाडी चालवणं आणि पिऊन चालवणं यात काडीचा फरक नाही. मॅडम म्हणाल्या, हॉर्न हा शिवी द्यायला नसतो. मिस्त्री एक कोपर खिडकीबाहेर टाकून एका हाताने गाडी चालवायचे, तरुणपणापासूनची ती त्यांची ऐट. एक दिवस मागच्या सीटवरून बारीक आवाज आला, "बाबा, दोन हात." त्यांनी दुसरा हात स्टिअरिंगवर आणला खरा, पण त्या हाताची मूठ आवळलेलीच राहिली.

सगळ्यात झोंबायचं ते वेगळंच. एकदा जेवताना ढमी म्हणाली, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायला हवं. मिस्त्रींचा घास हातातच राहिला.

"हे मी तुला शंभरदा सांगितलंय."

"हो, पण तुम्ही नुसतं ओरडून सांगितलंत. मॅडमनी मैदानात नेऊन मोजायला लावलं, ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढे जाते ते."

बायको पदराने तोंड पुसायचं निमित्त करून हसली. नंतर भांडी आवरताना म्हणाली, "अहो, नवऱ्याने सवत आणली तर बायका जळतात. लेकीच्या मास्तरणीवर जळणारा बाप मी पहिल्यांदाच बघतेय."

"मी कशाला जळू?" मिस्त्री म्हणाले, आणि पेला इतक्या जोरात ठेवला की पाणी सांडलं.

मग पालकांना वर्गात बोलावणं आलं. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून गेले, बाईला दोन खडे बोल सुनवायचेच असा मनाशी बेत करून. वर्गात बाकांच्या रांगा होत्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेला, चेचलेला एक दरवाजा. अर्ध्या दिवसाचं काम, मिस्त्रींच्या मनात आलं. तेवढ्यात मॅडम हसत समोर आल्या.

"तुम्ही ढमीचे बाबा ना!"

ढमी! हे नाव घरच्या उंबऱ्याबाहेर गेलेलं नव्हतं. शाळेतल्या मैत्रिणींनासुद्धा ते ठाऊक नव्हतं. मिस्त्रींना वाटलं, आपल्या कपाटातली वस्तू कुणी न विचारता वापरतंय. खडे बोल घशातच विरघळले.

"हात चांगला आहे तिचा," मॅडम म्हणाल्या. "फक्त शेजारून ट्रक गेला की खांदे कानापर्यंत वर जातात. खूप भीती आहे तिच्या मनात. इतक्यात मोठ्या रस्त्यावर नेऊ नका, ती भीती आपण सावकाश घालवू. तिने तुम्हाला सांगितलंच असेल म्हणा."

"हो तर," मिस्त्री म्हणाले. धडधडीत खोटं. त्यांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच भुंगा. माझी पोर, आणि तिची भीती त्या बाईला ठाऊक! आणि आता ती घालवणारही तीच? मग ढमी जन्मभर तिचेच गोडवे गाणार. छे. ही भीती मीच घालवीन, आणि तिच्या आधी घालवीन.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते सरावाला ढमीला घेऊन निघाले आणि नेहमीचं वळण आल्यावर म्हणाले, "सरळ घे."

"बाबा, तिकडे मोठा रस्ता लागतो."

"ठाऊक आहे मला. घे सरळ."

रस्त्यावर पुढे पाइपांनी भरलेला एक लांबलचक ट्रक चालला होता. ढमी त्याच्यामागे अंतर ठेवून चालवू लागली. बराच वेळ मिस्त्री बोटं मोडत बसले.

"काढ पुढे."

"नको बाबा. अजून नको."

"अगं काढ! त्या बाईने बाकावर बसवून बसवून नुसती भित्री करून ठेवलीय तुला."

ढमीने ओठ दाबले आणि गाडी बाजूला काढली. ट्रकची चाकं मिस्त्रींच्या खिडकीएवढी उंच, अगदी शेजारी. तिचे खांदे वर गेले. मिस्त्रींनी ते पाहिलं. मॅडमनी सांगितलं होतं अगदी तसेच. तिचा पाय ऍक्सिलरेटरवरून सुटला, गाडी रेंगाळली, मागून कुणी कर्कश हॉर्न दिला आणि मिस्त्रींनी हात घालून स्टिअरिंग ओढलं. गाडी दुसऱ्या अंगाला कठड्यावर घासली. ठिणग्या उडाल्या, आरसा तुटून मागे गेला.

"हात काढा!" ढमी ओरडली. जन्मात कधी बापावर ओरडली नव्हती. मिस्त्रींनी हात काढला. तिने गाडी धरून ठेवली, वेग कमी केला, ट्रक पुढे जाऊ दिला आणि लुकलुकणारे दिवे लावून गाडी रस्त्याच्या कडेला नेली. मग मिस्त्रींना उतरवून लांब उभं केलं, डिकीतून धोक्याचा लाल त्रिकोण काढून मागे नेऊन ठेवला. हे सगळं होईपर्यंत ती शांत होती. गवतात बसकण मारून तिने फोन काढला. आईला करत असेल, मिस्त्रींना वाटलं.

"मॅडम, मी बोलतेय. नाही, मला काही लागलं नाही. बाबांनी स्टिअरिंग ओढलं." तक्रार नाही, रडगाणं नाही, जे झालं ते सांगितलं. मग तिने फोन पुढे केला.

"तुम्हाला कुठे लागलं का?" मॅडमनी विचारलं. एवढंच. मिस्त्रींनी 'नाही' म्हणून फोन परत दिला. आपण मरता मरता वाचलो, पोर वाचली, आणि तरी मनात पहिलं काय आलं? हिने पहिला फोन तिला केला, हेच. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

मॅडमनी नियमावर बोट ठेवलं. मिस्त्रींना लेकीशेजारी बसायला मनाई. बसायचंच असेल तर पोरांबरोबर पूर्ण वर्ग करायचा. तोपर्यंत ढमीचा सराव मॅडम स्वतः घेणार. ज्या जागेसाठी एवढा आटापिटा केला, ती जागा त्यांनी आपल्या हाताने त्या बाईला देऊन टाकली. बायकोने या वेळी एकही विनोद केला नाही. चार दिवस बोललीच नाही.

मिस्त्री वर्कशॉपमध्ये आपल्याच गाडीचा घासलेला पत्रा सरळ करत होते तेव्हा ढमी आली आणि पॉलिश पेपर ओला करून शेजारी घासायला बसली.

"पहिला फोन तिला का केलास?" शेवटी त्यांनी विचारलंच.

ढमीने आश्चर्याने बघितलं. "मग कुणाला करणार? तुम्ही तर शेजारीच होतात."

मिस्त्रींनी पत्र्यावर उगाच दोन ठोके मारले. मग म्हणाले, "आणि ट्रकची भीती? ती तिला सांगितलीस, मला नाही."

"तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, मिस्त्रीची पोर गाडीला घाबरत नसते," ढमी खाली मान घालून म्हणाली. "मॅडमना मी भित्री वाटले तर वाटू दे. तुम्हाला वाटले असते तर..."

मिस्त्रींचा लांबीने माखलेला हात तिच्या डोक्यावर जाता जाता थांबला, मग त्यांनी तो पँटला पुसून ठेवलाच.

"हे मला सांगता यायला हवं होतं तुला," ते म्हणाले. "चुकलं माझं."

पुढच्या आठवड्यात ते वर्गात जाऊन बसले. आजूबाजूला सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि वेण्या उडवणाऱ्या पोरी. गुडघे बाकाखाली मावेनात. मॅडमनी विचारलं, नवा चालक घाबरला की शेजारच्याने काय करायचं? मिस्त्रींनी घाईघाईने हात वर केला. "हात मांडीवर ठेवायचे आणि तोंड बंद!" वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "अर्धं बरोबर."

मग शेजारचा कानात बाळी घातलेला पोरगा उठला आणि म्हणाला, हळू आवाजात त्याला पुढची मोकळी जागा दाखवायची, थांबायचं असेल तर थांबू द्यायचं.

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या.

मिस्त्रींनी वळून त्या पोराकडे असं बघितलं की तो बिचारा अंग चोरून खाली बसला.