न कमावलेली मदत

आई जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा धाकटी एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या सत्रात होती. फी सरकारी मदतीतून भरली जात होती. वर्गात तिचा नंबर पहिल्या तिघांत असायचा.

दादा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. तो फोनवर म्हणाला, "मला रजा नाही, वहिनीला जमणार नाही. तुझं काय, तुला फुकटच शिकायला मिळतंय. एक सत्र गेलं तर काय बिघडलं?"

आईला उठवून बसवायलाही माणूस लागत होतं. धाकटीने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कॉलेज सोडण्याचा अर्ज घेऊन कार्यालयात गेली. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, तारीख पाहिली, शिक्का मारला. "झालं," म्हणाला.

दीड महिन्याने पत्र आलं. मदतीतला 'न कमावलेला' भाग परत करा, असं त्यात होतं. तिने तो शब्द तीनदा वाचला. एकही तास तिने बुडवला नव्हता.

पत्र घेऊन ती त्याच खिडकीशी गेली.

"नियम आहे," कारकून म्हणाला. "सत्राचे साठ टक्के दिवस भरले की सगळी मदत तुमची. त्याआधी सोडलंत तर उरलेल्या दिवसांची परत द्यायची. तुमचे आठ दिवस कमी पडले."

"आठ दिवस?"

"आठच."

"मी अर्ज दिला तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

त्याने चष्मा काढून पुसला. "माहीत असतंच हो. वीस वर्षं इथे बसतोय."

"मग बोलला का नाहीत? आठ दिवस शेजारच्या मावशींनी आईकडे बघितलं असतं."

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि आम्ही सल्ला द्यायचा नसतो, उद्या काही झालं तर आमच्यावर येतं." मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "दीर्घ रजेचाही अर्ज असतो खरं तर. त्यात तुमची जागाही राहिली असती."

तिला त्याच्या तोंडावर पत्र फेकावंसं वाटलं. तिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं, कारण परतफेडीच्या हप्त्यांचा तपशील त्यावरच होता.

दादाला कळवलं तर तो म्हणाला, "सही करताना वाचायचं नाही का? शिकलेली ना तू?" पैशांचं त्याने नाव काढलं नाही. आठवड्याने आईसाठी चालायचा वॉकर मात्र पाठवला, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवत राहिली. "माझ्या मुलाने पाठवला," म्हणायची. धाकटी तेव्हा तिच्या अंथरुणाच्या चादरी बदलत असायची.

आई भिंतीला धरून चालू लागली तशी धाकटीला मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात काम मिळालं. उकळत्या पाण्याची यंत्रं आणि ओल्या चादरींची ओझी. सव्वा वर्ष तिने हप्ते फेडले. शेवटचा हप्ता भरल्यावर कॉलेजात चौकशी केली, तर अभ्यासक्रम बदलला होता. जुने गुण धरले जाणार नव्हते, पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. ती बरं म्हणाली आणि दुपारच्या पाळीला वेळेवर पोचली.

त्याच महिन्यात त्याच इस्पितळात आईच्या खुब्याचा पुन्हा एक्स-रे काढायचा होता. खोलीत पांढऱ्या कोटात तिच्याच वर्गातली मुलगी उभी होती.

"अगं, तू? इथेच असतेस?"

"खाली, धुलाईत."

मुलीने आईला टेबलावर झोपवलं आणि यंत्र वर ओढून घेतलं. धाकटीची नजर आईच्या पावलांवर गेली.

"पावलं जरा आत वळव," ती म्हणाली. "नाहीतर फोटोत मांडीच्या हाडाची मान आखूड दिसेल."

मुलीने पावलं आत वळवली. तिचे कान लाल झाले होते. टेबलाकडेच बघत ती म्हणाली, "नातेवाईकांनी बाहेर थांबायचं असतं."

बरोबरच होतं ते. धाकटी बाहेर आली. आतून आईचा आवाज येत होता. ती त्या मुलीला सांगत होती, "तू शिकलीस हे बरं केलंस हो पोरी. आमचीने मध्येच सोडलं."

धाकटीने गणवेशाच्या बाह्या खाली ओढल्या, भाजल्याचे डाग झाकले आणि बाकावर बसून राहिली.