बिघाड माझ्यात नव्हता

मी एक मॉनिटर बोलतोय. संगणकाचा पडदा म्हणा हवं तर. मोहालीतल्या एका सोसायटीत, खिडकीपासून जरा बाजूला, एका टेबलावर माझा मुक्काम आहे. कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली होती: समोर येईल तो रंग आहे तसा दाखवायचा, त्याला नटवायचं नाही.

याच गुणासाठी अश्लेषाने मला निवडलं. ती मूळची सांगलीची, फोटोग्राफर. लग्नानंतर नवऱ्याच्या, सुबोधच्या नोकरीमुळे इकडे आली. चंदीगडच्या वंदनाजी जुन्या फुलकारी, म्हणजे पंजाबी भरतकामाच्या, ओढण्यांवर पुस्तक करत होत्या. अश्लेषाने काढलेले फोटो त्यांना आवडले, पण छापून आल्यावर ओढणीचा गडद लाल रंग विटकरी दिसला. तिच्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्याने तिला फसवलं होतं. वंदनाजींनी आणखी एक संधी दिली. सोमवारपर्यंत दोन नमुने द्यायचे, रंग कापडाशी जुळले पाहिजेत. नाहीतर काम दिल्लीच्या स्टुडिओकडे जाणार.

म्हणून सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवायचा असं ठरलं. सुबोध आयटीत. ऑफिसातलं कुणीही संगणक घ्यायला निघालं की आधी त्याला विचारायचं.

"मॉनिटर साधा घे," तो म्हणाला. "रंग काय, सगळ्यांवर दिसतात. प्रोसेसर आणि रॅम दणकट हवी."

"वेग कमी असला तरी चालेल मला. लाल मात्र लालच दिसला पाहिजे."

शेवटी वाटणी झाली. मी तिच्या पसंतीचा, बाकी सगळं त्याच्या. ग्राफिक्स कार्ड सध्या नको, फोटोच्या कामाला त्याच्यावाचून अडत नाही, असं तो म्हणाला. ते तसं खोटंही नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी सगळे भाग जोडून त्याने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. मी मात्र काळाच. माझ्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. 'सिग्नल नाही' एवढं दाखवून मी मिटलो. त्याने वायर काढून घातली, रॅम काढून बसवली. मी तसाच.

"मॉनिटरच खराब आहे," तो म्हणाला. "माझं ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती."

"तुझ्या लॅपटॉपला लावून बघ ना."

"ऑफिसच्या लॅपटॉपला ही वायर बसत नाही."

माझ्या काळ्या काचेत अश्लेषाचा चेहरा दिसत होता. तो उतरला होता.

दुसऱ्या दिवशी ती वंदनाजींकडे फोटो काढायला गेली असताना सुबोध लवकर घरी आला. येताना त्याने माझी वायर लॅपटॉपला बसवायचा एक छोटा तुकडा, अॅडॉप्टर, आणला होता. त्याने मला लॅपटॉपला जोडलं आणि मी उजळलो. या घरातला माझा पहिला उजेड. तो मात्र माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने प्रोसेसरचा रिकामा खोका उचलला, त्यावरचं नाव फोनमध्ये शोधलं आणि खुर्चीत मागे टेकला. त्याने निवडलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नव्हती. त्या जातीला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच.

एवढ्यात दाराशी किल्लीचा आवाज झाला. सुबोधने झटकन वायर ओढली, तो तुकडा खिशात टाकला. मी पुन्हा काळा.

"काही कळलं?" अश्लेषाने आत येत विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "उद्या बदलून आणू."

मला तोंड असतं तर मी बोललो असतो. ती त्याचा शब्द खरा मानून आत गेली, आणि मी काहीच करू शकलो नाही.

शनिवारी सकाळी तिने मला थर्माकोलमध्ये बसवलं, खोक्यात घातलं. सुबोधने टेप धरून दिली. कॅबमध्ये मी त्याच्या मांडीवर होतो, त्याचे हात खोक्यावर घट्ट. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "दुकानदाराने दुसरा मागवून देईपर्यंत सोमवार निघून जाईल. मी वंदनाजींना नाही म्हणून कळवते." तिने फोन काढला.

"थांब," तो म्हणाला. "याच्यात काही बिघाड नाही. प्रोसेसर मी चुकीचा घेतला."

गाडी चंदीगडच्या सेक्टर १७ जवळ सिग्नलला थांबली होती.

"कधी कळलं?"

"काल संध्याकाळी."

"आणि सकाळी मी टेप लावत होते, तेव्हा तू नुसता धरून उभा होतास."

त्याने मान खाली घातली. ती फोन पर्समध्ये ठेवून म्हणाली, "चुकीच्या प्रोसेसरचं मला काही नाही, सुबोध. काल मी तुला विचारलं होतं, काही कळलं का म्हणून."

दुकानातून तिने एक लहान ग्राफिक्स कार्ड घेतलं. घरी आल्यावर ते स्वतः बसवलं. सुबोध पुढे झाला तेव्हा "मी करते" एवढंच म्हणाली. बटण दाबलं, आणि मी उजळलो. खिडकीशी वंदनाजींनी दिलेली ओढणी टांगली होती. रविवारभर ती एकदा ओढणीकडे, एकदा माझ्याकडे बघत रंग जुळवत राहिली. दोघांत जेवणापुरतंच बोलणं झालं.

सोमवारी दुपारी वंदनाजींचा फोन आला. "अश्लेषा जी, ये वही लाल है। बाकी भी आप ही कीजिए।"

आता पुस्तकाचं काम जोरात आहे. घरातला अबोला मात्र लगेच गेला नाही. सुबोध खोलीत यायचा, चहा ठेवायचा, निघून जायचा. काल तिने त्याला थांबवलं.

"जरा बघ. या दोनातला कुठला पिवळा ओढणीसारखा वाटतो?"

तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मला खरंच कळत नाही गं."

तिने खुर्ची थोडी सरकवली आणि शेजारची जागा त्याला दिली.

माझं एवढंच मागणं आहे. मी काळा पडलो तर मला दोष द्या, खुशाल खोक्यात भरा. पण जे कळलं ते माझ्यासमोर बसलेल्या माणसाला लगेच सांगा.