पानाच्या भोकातला शब्द

मित्रांनो, मी एक जुनं तेंदूचं पान आहे. माझ्या मधोमध चिंचोक्याएवढं भोक आहे, आणि स्वभावानं मी भित्रा आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला कुणी हसायला नको.

माझा जन्म गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या बाजूच्या जंगलातला. ऐन मे महिन्यात मला तोडलं, पुड्यात बांधलं, उन्हात वाळवलं. माझे सगळे सोबती विडी होऊन धुरात गेले. बिरसी गावच्या मंदाबाईंनी मलाही भिजवून कात्रीखाली धरलं, पण भोक दिसताच म्हणाल्या, "हे किडकं होय," आणि बाजूला भिरकावलं. शेजारच्या अनुसयाबाई तिथंच बसल्या होत्या. मांडीवर कादंबरी होती आणि खूण ठेवायला हाताशी काही नव्हतं. त्यांनी मला उचललं आणि पुस्तकात घातलं. झाडाचं पान पुस्तकाच्या पानात गेलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा! कसला सुटतोय? आगीतून निघून फुफाट्यात पडलो होतो.

त्याचं असं की अनुसयाबाईंना वाचायची एक खोड आहे. कथा ऐन भीतीच्या जागी आली, की त्या पुस्तक मिटतात. दार करकरलं, की मिट. विहिरीतून हाक आली, की मिट. म्हणायच्या, "भेव लागला का थांबायचा. मंग धान निसता निसता दिवसभर थोच इचार. फुकटात डबल मजा." त्यांची मजा होते हो! पण त्या मिटलेल्या अंधारात भुताशेजारी दिवसभर पडून कोण राहतं? मी. गेल्या बारा वर्षांत मी किती प्रेतांच्या उशाशी निजलो असेन, देव जाणे.

बाई स्वतः मात्र वाचनात मोठ्या रुबाबाच्या. त्यांचा मुलगा तिलक गोंदियात राईस मिलवर कामाला आहे. तो स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून जुन्या कादंबऱ्या आणतो आणि बाई त्यांचा निकाल लावतात. दहा पानांत कुणी मेलं नाही, तर पुस्तक परत. नायिका तीनदा रडली, तर तेही परत. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतलं नाटक त्यांना आवडतं, पण म्हणतात, "तिथं हजार लोकायच्या संगं भेता येते. पुस्तकात एकट्यानंच भ्यावं लागते, म्हनून थे मोठं." आणि मोबाईलवरच्या मालिकांचं तर नावच काढू नका. सून सोनिका कानात वायर घालून बसली, की सासूबाई हमखास टोमणा मारायच्या, "एका थापडीले तीन खेपा दाखवतेत. पयल्या खेपेले नाई का लागली?" सोनिका हसायची आणि पुढचा भाग लावायची. ती भली पोर आहे, पण शाळा सुटल्यापासून तिनं पुस्तकाला हात लावला नव्हता.

आता माझ्या भोकाची गोष्ट. एकदा बाईंनी पुस्तक उघडलं तेव्हा मी सपाट पडलो होतो आणि भोकातून नेमका एकच शब्द दिसत होता, 'पाहुणे'. दुपारी पाहुणे आले. बिरसीत पाहुणे काय, रोजच येतात. पण पुढच्या आठवड्यात 'साप' दिसला आणि संध्याकाळी बांधावर धामण निघाली. झालं! बाईंच्या मनानं घेतलं. त्या कादंबरीत पानोपानी साप होते हो, मी दुसरं काय दाखवणार? पण मला तोंड नाही. तेव्हापासून रोज सकाळी पुस्तक उघडायचं आणि भोकातून शकुन बघायचा. रोज सकाळी माझी पाचावर धारण बसायची, कारण खाली कोणता शब्द आहे ते मला कधीच माहीत नसायचं.

अशातच बाईंना मोतीबिंदू झाला. डावा डोळा जवळपास गेल्यातच जमा, उजव्यावरही धुकं. बाई पुस्तक नाकाला लावून वाचू लागल्या. त्यांचा श्वास माझ्यावर पडू लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून बजावलं, "डावा डोळा पार पिकला आहे. आता थांबलात तर आतून दाब वाढेल, नस मरेल. मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही." सोमवारची तारीख ठरली.

तेव्हा एक खुनाची कादंबरी चालू होती. जंगलातला डाकबंगला, एक म्हातारा मुनीम आणि कुणावर भरवसा ठेवावा कळू नये अशी मंडळी. शनिवारी बाई एकशे एकतिसाव्या पानावर थांबल्या. रविवारी सकाळी त्यांनी पुस्तक उघडलं, मला बोटानं सपाट केलं आणि भोकाशी डोळा नेला.

खाली शब्द होता, 'आंधळी'.

बाईंनी झटक्यात हात काढला. पुस्तक मिटलं. "मी नाई जात," त्या म्हणाल्या. "डोरा फोडून घ्याले मी नाई जात."

तिलकनं समजावलं, मग ओरडला, मग हात जोडले. "आई, पुस्तकातल्या एका शब्दासाठी डोरा घालवतेस का?" बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. तिलक तणतणत कामावर गेला. आणि मी? मित्रांनो, विस्तवाला मी आयुष्यभर भ्यायलो, पण त्या दिवशी वाटलं की विडी झालो असतो तर बरं. एका माणसाचे डोळे माझ्या भोकापायी जाणार होते, आणि मला बोटभर सरकताही येत नव्हतं.

दुपारी बाईंचा डोळा लागला. सोनिका आली, तिनं पुस्तक उचललं, मला बाहेर काढलं आणि थेट चुलीपाशी नेलं. "तुलेच जाळून टाकतो, मेल्या!" तिनं मला निखाऱ्यावर धरलं. माझी कड चुरचुरली. धूर निघायच्या आत तिनं हात मागं घेतला. स्वतःशीच पुटपुटली, "हे जळलं तं शकुन तसाच राहीन. मंग तं आई कवाच नाई मानाच्या."

ती तिथंच पाटावर बसली. चांगला शब्द शोधायचा आणि मला त्याच्यावर ठेवायचा, असा तिचा बेत. पण खुनाच्या कादंबरीत चांगला शब्द मिळणं म्हणजे कडुलिंबाला आंबा शोधणं. मला ठेवावं तिथं 'रक्त'. सरकवावं तर 'फास'. पान उलटावं तर 'प्रेत'. सोनिका कपाळ पुसत होती. मग ती ओळी वाचू लागली, म्हणजे पुढं कुठं चांगलं येतं ते कळेल. तिचा मोबाईल दोनदा वाजला, तिनं पाहिला नाही. वरून गावाजवळच्या वैमानिकांच्या शाळेची विमानं घरघरत फेऱ्या मारत होती, तिनं मान वर केली नाही. चहाची वेळ टळून गेली. अखेर एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर तिला हवा होता तो शब्द सापडला. तिनं मला तिथं ठेवलं, भोक नीट बसवलं, तरी पुस्तक मिटलं नाही. चोरून आणखी पुढं वाचत राहिली.

सोमवारी सकाळी बाईंनी सवयीनं पुस्तक उघडलं. मी गारठलो होतो. चोरी पकडली गेली तर? त्यांनी डोळा बारीक केला. भोकात शब्द होता, 'दिसतंय'.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग त्यांची नजर भोकाबाहेरच्या ओळीवर घसरली, आणि घर हादरेल अशी किंकाळी फुटली, "सोनिका! मुनीम मेला?"

सोनिका धावत आली आणि दारातच थबकली.

"मी एकशे एकतिसावर होती. तेथं मुनीम जित्ता होता, चहा पेऊन राहिला होता. हे पान येथं कोनं आनलं वं?"

 खोटं बोलायचं सोनिकाला सुचलंच नाही. "मीच आनलं, आई. चांगला शब्द धुंडत होती. धुंडता धुंडता वाचत गेली, मंग सोडवेचना. सगळी वाचून झाली. आन खुनी थो नाई होय, जो तुमाले वाटते. खुनी तं..."

"चूप!" बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "एक शब्द बोलशीन तं याद राख! कोनाच्या तोंडून खुनी ऐकाले मी बारा वर्षं वाचून राहिली का?"

"तुमीच वाचा मंग," सोनिका रडकुंडीला येऊन म्हणाली. "पन कायनं वाचान, आई? डोरे तं देऊन बसाले निंगाल्या तुमी!"

बाईंचे हात हळूहळू कानांवरून खाली आले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, त्या धुक्यातून जेवढं दिसत होतं तेवढं. पुस्तकाची पानं मागं उलटली, चाचपडत एकशे एकतिसावं काढलं आणि मला परत तिथं ठेवलं. या खेपेला भोकातून काय दिसतं ते त्यांनी पाहिलं नाही.

"मले भेव लागते वं, सोनिका," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "लई भेव लागते."

"मलेबी लागते. मी संगं येतो ना."

"चाल मंग. पुस्तक पिशवीत टाक."

त्या दिवशी दवाखान्यात मी पिशवीत होतो. बाहेरचं काही दिसत नव्हतं. औषधाचा वास, चाकांचा आवाज, आणि बाकावर पिशवी पोटाशी धरून बसलेली सोनिका. पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, पुन्हा सोडत होती, तेवढं मला कळत होतं. बारा वर्षांतल्या सगळ्या भुतांपेक्षा त्या तासाभरात मी जास्त भ्यायलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं पुढं केली आणि विचारलं, "किती दिसतात?"

बाईंनी बोटांकडे बघितलंच नाही. "पुस्तक दे," त्या सोनिकाला म्हणाल्या. पुस्तक उघडलं, मला बाजूला सारलं, आणि पानाच्या तळाशी बघून एकेक आकडा मोठ्यानं वाचला, "एक, तीन, एक." मग डॉक्टरांनी रागावून पुस्तक काढून घेतलं, पण सोनिका तोंडाला पदर लावून रडत होती.

मित्रांनो, मी किडकं पान. माझी कड करपली आहे, शीर तडकली आहे. मला जपा, सगळ्या पुस्तकांना जपा, भिंतीच्या ओलीपासून आणि वाळवीपासून वाचवा. पण आम्हाला भविष्य विचारू नका. ते विचारायला डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे वेळेवर जा. माझ्या भोकातून एकच शब्द दिसतो. पुढची गोष्ट वाचायला तुमचे डोळे लागतात. पुढच्या महिन्यात उजव्या डोळ्याची तारीख आहे. बाई भ्याल्या आहेत, मीही भ्यायलो आहे, आणि तरी आम्ही जाणार आहोत.