आजोबांचा खोकला

मित्रांनो, मी लाकडाचा एक जुना ठोकळा आहे. माझी एक बाजू उतरती आहे आणि दुसऱ्या बाजूला दोरी बांधलेली आहे. विमान उभं असलं की मला त्याच्या चाकापुढे लावतात, म्हणजे ते आपोआप सरकत नाही. विमानं उडतात, फोटो त्यांचे निघतात. आमच्या वाट्याला तेलाचे डाग आणि येता-जाता लाथा. असो, कुरकुर करणं हा माझा स्वभावच आहे.

मला ताईने एका मोडक्या दाराच्या चौकटीतून कापून काढलं. ताई म्हणजे आमची मेकॅनिक. आमचं मालवाहू विमान दोन पंख्यांचं आणि इतकं जुनं, की सगळे त्याला आजोबाच म्हणत. ते चालवायचा ताईचा धाकटा भाऊ. चांगला ताडमाड गडी, पण ती त्याला अजून बारक्याच म्हणायची.

रोज सकाळी डावं इंजिन सुरू होताना दोनदा ठसकायचं आणि मग ताळ्यावर यायचं. एकदा ताई हसत म्हणाली, "आजोबांचा खोकला आहे तो. अंग तापलं की थांबेल." झालं, विमानं ठेवायच्या हँगरभर तो विनोद पसरला. इंजिन ठसकलं की माल चढवणारे म्हणायचे, "पाठ चोळा रे आजोबांची." मलाही हसू यायचं. इतकं लाडाचं नाव पडल्यावर त्यात दुखणं कोण शोधणार?

मग डोंगरापलीकडे भूकंप झाला. रस्ते तुटले, इस्पितळ कोसळलं. औषधं, तंबू आणि पाण्याची पिंपं घेऊन आजोबांच्या खेपांवर खेपा सुरू झाल्या. मला क्षणाची उसंत नाही. लाव, काढ, पुन्हा लाव. विमान गेलं की मी उघड्यावर पडून आभाळाकडे बघत राहायचो. ते परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

त्या दुपारी इंजिन नेहमीसारखं ठसकलं, सुरळीत झालं आणि चांगलं तापल्यावर पुन्हा ठसकलं. असं आधी कधीच झालं नव्हतं. ताई मला ओढून काढायला वाकली होती. ती थांबली आणि माझ्यावर पाय रोवून उभी राहिली.

"बारक्या, बंद कर. मला उघडून बघू दे."

"किती वेळ लागेल?" त्याने खिडकीतून विचारलं.

"संध्याकाळ होईल."

"मग अंधारात तिकडे उतरता येणार नाही. ताई, जखमी माणसं उघड्यावर पडलीत गं."

"मला कळत नाही का ते? पण आजचा आवाज वेगळा आहे."

"आजोबांचा खोकला आहे. नाव तूच ठेवलंस ना?" तो हसला.

तिच्याच विनोदाने तिचं तोंड बंद केलं. पाय काढू नकोस, असं मला जीव तोडून सांगावंसं वाटत होतं. पण लाकडाला कुठली वाचा? तिने पाय काढला आणि दोरी ओढली.

विमान उडालं, कुंपण ओलांडलं आणि डावा पंखा थांबला. आजोबा एका अंगावर कलले. पलीकडच्या शेतातून धूर उठला. ताई धावत सुटली. दोरी हातातच राहिली होती, त्यामुळे मी तिच्यामागे फरफटत गेलो. बारक्या वाचला नाही. माल चढवणाऱ्यांनी रडत रडत शेतातून औषधांची खोकी वेचली. धड होती तेवढी दुसऱ्या विमानाने गेली, उशिरा.

तेव्हापासून मला चैन नाही. मित्रांनो, तुमच्या घरात एखादा पंखा खडखडत असेल, आजीचा गुडघा वाजत असेल. त्याचे लाड जरूर करा, पण आधी पंखा उघडून बघा आणि आजीला डॉक्टरकडे न्या. कुणी तुम्हाला अडवलं, तर हसून त्याचं तोंड बंद करू नका.

परवा नवं विमान आलं. म्हणजे आमच्यासाठी नवं. त्याचं चाक कुरकुरत होतं. तरुण वैमानिक कौतुकाने म्हणाली, "लाडात आली की अशीच कुरकुरते ही."

माल चढवणारे हसले. ताई हसली नाही. तिने मला चाकाखाली घट्ट सारलं आणि माझ्याशेजारी जमिनीवरच बसकण मारली.

"खाली उतर. आधी बघू."

"अहो ताई, उशीर होतोय."

"होऊ दे, बाळा," ताई म्हणाली आणि माझी दोरी तिने आपल्या मनगटाला गुंडाळून घेतली.